मेणाचे चार ठोकळे

प्रवरासंगमला सुमंत गुरुजींना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि आनंदाच्या प्रसंगी त्यांना घरी बोलावणाराही सापडायचा नाही. गुरुजी लग्नं लावत नाहीत, मुंजी लावत नाहीत. सत्यनारायणाला त्यांचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. त्यांचं काम नदीवरचं. प्रवरा जिथं गोदावरीला मिळते त्या घाटावर लोक अस्थी घेऊन येतात, त्यांचं तेवढं सगळं रीतसर करून द्यायचं. तीस वर्षं झाली. वडिलांनी हेच केलं, आजोबांनी हेच केलं.

त्यांची बायको दमयंती, नेवाशाजवळच्या शाळेत चौथीची बाई. तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे. ती म्हणायची, "आमच्या यजमानांच्या गिऱ्हाइकांची एक तऱ्हा बघा. जाताना एक जण 'येतो' म्हणत नाही." गुरुजी हसायचे. खरंच होतं ते. घाटावरून जाताना 'येतो' म्हणू नये, असं लोक आपणहून पाळतात.

गुरुजींचा मात्र स्वतःचा एक नियम होता आणि त्यावर ते अडून बसायचे. मागं काही ठेवायचं नाही. अस्थींची पिशवी पाण्यात उलटी केली की ते कोपऱ्यात बोट घालून बघायला लावायचे. आईची वेणी घरी ठेवलीय, बापाचा पडलेला दात डबीत आहे, असं कुणी चुकून बोललं तर संपलंच. "आणा ते. माणूस अर्धा इथं, अर्धा तिथं ठेवता का? जीव घुटमळतो." एकदा शेवगावकडचा सहादेव नावाचा शेतकरी आईच्या अस्थी घेऊन आला आणि सगळं उरकल्यावर घाबरत घाबरत म्हणाला, "गुरुजी, म्हातारीची कवळी हाय घरी. तिचं काय करू?" गुरुजी क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "ती डॉक्टरनं केलेली. देहाची नव्हे. तिला नको." दमयंतीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती हसून हसून पोट धरून बसली होती.

आणि एक छगनरावांचा पाय. मिरजगावचे छगनराव, साखरेच्या आजारात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यानं तो नातेवाइकांच्या हाती दिला, आता त्याचं करायचं काय? पोरांनी फोन केला. जिवंत माणसाच्या पायाचं काय करावं हे कुठल्या पोथीत नाही. गुरुजींनी आपल्या अक्कलहुशारीनं तो नदीकाठी पुरायला लावला, दर्भ-तीळ वाहिले, दोन मंत्र म्हटले. छगनराव त्यानंतर पाच वर्षं कुबड्या घेऊन खणखणीत जगले. पोरं येऊन पाया पडली. म्हणाली, "गुरुजी, तुमी केलं म्हणून." गुरुजी म्हणाले, "छे छे, देवाची कृपा." पण कुठंतरी आत त्यांना ते पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच पुढचं सगळं रामायण झालं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्र नुकता लागलेला. दमयंतीच्या ब्लाउजला आतून तांबूस डाग पडायला लागले. दोनतीन दिवस ती कुणाला बोलली नाही. मग तिनं नवऱ्याला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी दोघं नगरला गेले. फोटो झाले, सुईची तपासणी झाली, आणि आठ दिवसांत डॉक्टर भार्गवींनी छातीचा तेवढा भाग काढून टाकला. डॉक्टर वयानं लहान, पण बोलणं असं की समोरच्याला धीर यावा. तपासणीचा निकाल आल्यावर त्यांनी दमयंतीला खोलीत झोपवलं आणि गुरुजींना कागदावर चित्र काढून समजावलं.

"पेशी सतत स्वतःची नक्कल काढत असते, गुरुजी. नक्कल काढताना चुका होतात. बहुतेक चुका शरीरच दुरुस्त करतं. एखादी राहते. त्या चुकीची नक्कल निघते, मग तिच्यावर दुसरी चूक होते, तिसरी होते. मॅडमच्या बाबतीत हे दुधाच्या नळीत झालंय. ठिबकची नळी बघितलीय ना? तसं समजा. अजून सगळं नळीच्या आत आहे. भिंत फोडून बाहेर पडायला ह्या पेशींना आणखी एकदोन चुका घडाव्या लागतात."

"म्हणजे बाहेर पडलेलं नाही?"

"आमच्या तपासणीत तरी नाही. पण आम्ही बघितलेत ते थोडे काप. एखाद्या ठिकाणी बारीकसं भोक पडलेलं असलं तर ते आमच्या कापात येईलच असं नाही. म्हणून हे पुण्याला दाखवायचं. तिथं ते आणखी काप घेतील, जनुकांची तपासणी करतील, कुठल्या चुका झाल्यात ते कळेल. त्यावर ठरेल, नुसते किरणांचे शेक द्यायचे, गोळ्या द्यायच्या, की पुन्हा ऑपरेशन."

आणि त्यांनी गुरुजींच्या हातात एक डबी दिली. प्लॅस्टिकची, औषधाच्या गोळ्यांची असते तेवढी. तिच्यात चार चपट्या चौकोनी जाळ्या, आणि प्रत्येक जाळीवर मेणाचा ठोकळा. मेणाच्या आत काहीतरी पिवळट, नखाएवढं.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

"ह्या मॅडमच. म्हणजे, जो भाग काढला त्याचेच तुकडे. मेणात ठेवले की वर्षानुवर्षं टिकतात. जपा हं. हे परत मिळत नाहीत."

गुरुजींना त्या सगळ्या बोलण्यातलं एकच ऐकू आलं होतं. नळीच्या आत आहे. बाहेर नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि तिथंच बसून राहिला. पुण्याचं पुढचं सगळं कानावरून गेलं. पण हातात आलेली डबी मात्र त्यांना एसटीत बसल्यापासून टोचायला लागली. दमयंती शेजारी, खिडकीला डोकं टेकून झोपलेली, आणि तिचाच तुकडा आपल्या शबनम पिशवीत. नेवासा फाट्याला उतरेपर्यंत त्यांना घाम फुटला.

घरी डबी ठेवायची कुठं? देवघरात नाही. स्वयंपाकघरात तर नाहीच. कपाटात साड्यांच्या खाली? छे, काहीतरीच. त्यांनी ती स्कूटरच्या डिकीत ठेवली. दोन दिवस तिथंच. उन्हाचा कडाका असा की दुपारी सीटवर हात ठेववत नव्हता. मेण वितळेल म्हणून गुरुजी दर तासाला जाऊन झाकण उघडून बघायचे. पुण्याला जायचं परवावर, परवाचं तेरवावर. तिथं कुणीतरी परका माणूस दमयंतीचे पुन्हा काप करणार. ती एवढी भोगून आली, आता पुन्हा काप? आणि मुख्य म्हणजे, काप केले आणि त्यात काही निघालं तर? खरी भीती ही होती. ती त्यांनी स्वतःलाही सांगितली नाही.

तिसऱ्या दिवशी अमावस्या. घाटावर राहुरीकडचं एक कुटुंब आलं होतं. गुरुजींनी त्यांचं सगळं केलं. ते लोक कपडे बदलायला वर गेले आणि गुरुजी एकटेच पाण्यात उभे राहिले. मग ते बाहेर आले, डिकी उघडली, डबी घेतली आणि परत पाण्यात उतरले. छगनरावांचा पाय त्यांच्या डोळ्यासमोर होता. कापलेलं पाण्याला दिलं, माणूस मागं राहिला. रोग जायचा तर असाच जायचा. मागं काही ठेवायचं नाही.

डबी उपडी केली तर ठोकळे तरंगायला लागले. मेणच ते, बुडतंय कसं? चार पिवळट चौकोन घाटाच्या पायरीशी हलत राहिले, जायचं नाव घेईनात. गुरुजींनी ते गोळा केले, उपरण्याचा तुकडा फाडला, त्यात बांधले, आत दगड घातला आणि जोरानं लांब फेकले. आणि फेकताना तीस वर्षांच्या सवयीनं तोंड चाललंच. गोत्र आलं. पाठोपाठ नाव आलं, दमयंती. आणि नावाला लागून तो शब्द आला, जो मेलेल्याच्याच नावापुढं येतो. प्रेत.

गुरुजींनी जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता. त्या पाण्यात ते कितीतरी वेळ कान धरून उभे होते. वर राहुरीचे लोक हाका मारत होते, "गुरुजी, चहा घेता का?"

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, "पुण्याला डबी कुरिअरनं धाडली." आठ दिवसांनी सांगितलं, "त्यांचा फोन आला. काही नाही म्हणाले. शेक नको, गोळ्या नको." डॉक्टर भार्गवींचा फोन आला तर त्यांनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. पण पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन या." पुढची वेळ गुरुजींनी येऊच दिली नाही. कधी घाटावर गर्दी, कधी शाळेच्या परीक्षा, कधी चातुर्मास. दमयंतीनं एकदा विचारलं, रिपोर्ट कुठाय म्हणून. "डॉक्टरांकडेच पाठवला त्यांनी, मोबाईलवर." तिनं पुन्हा विचारलं नाही. शेजारच्या झुंबरबाईंना तिनं कौतुकानं सांगितलं, "आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. बोलायला गेले तर कान लाल होतात." कान लाल झालेच होते. तिनं बघितले नाहीत. काय सांगायचं, तिलाही ते खरंच असायला हवं होतं. दोघंही भित्रे. त्यातला एक भिऊन खोटं बोलला आणि दुसरीनं भिऊन ते मानलं.

दोन वर्षं ती धडधाकट होती. चौथीची मुलं, पाठांतर, गॅदरिंग. गुरुजींना तर हळूहळू असंच वाटायला लागलं की आपण केलं तेच बरोबर. फक्त कधीतरी पाण्यात उभं असताना तो शब्द आठवायचा आणि अंगावर काटा यायचा.

मग यंदा माघात तिची पाठ धरली. फळ्याशी उभं राहून दुखते म्हणाली. तेल चोळलं, शेकलं, पट्टा बांधला. महिन्याभरात डावा पाय ओढायला लागला. एक दिवस वर्गातच ती खाली बसली ती उठेना. मुलं रडायला लागली. दोन मास्तरांनी गाडीत घालून तिला नगरला नेलं.

तपासण्यांत पंधरा दिवस गेले. सगळं हाती आल्यावर डॉक्टर भार्गवींनी मणक्याचे फोटो खिडकीकडे धरून बघितले आणि बराच वेळ खाली ठेवले नाहीत. मग गुरुजींना आत बोलावलं. वर्षापूर्वीच नोकरीला पुण्याला गेलेली मुलगी देवश्रीही आली होती, ती बापाच्या शेजारी बसली.

"हे तेच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "नळीतून बाहेर पडलेलं. तीन मणक्यांत गेलंय."

"पण आत होतं ना," गुरुजी म्हणाले.

"होतं. किंवा कुठंतरी तेव्हाच भोक पडलेलं असेल. म्हणून तर मी पुण्याला पाठवलं होतं. त्यांना काही दिसलं नाही म्हणजे..." त्या थांबल्या. "असो. आपण मणक्यातून तुकडा काढला होता. पण हाड कापायचं तर आधी ते आम्लात मऊ करावं लागतं, आणि त्यात ही जनुकांची बारीक माहिती नष्ट होते. तपासणी जमली नाही. रक्तातूनही बघितलं, त्यातही काही सापडलं नाही. पुन्हा मणक्यात सुई घालायला मला भीती वाटते, पाय कायमचे जातील. आता आपल्याकडे एकच गोष्ट आहे. ते जुने चार ठोकळे. ही चुकांची मालिका जिथून सुरू झाली ती पहिली चूक त्यांत असेल, आणि ती असली तर तिच्यावर चालणारी एक गोळी आहे. रोग जाणार नाही. पण वर्षं मिळतील. दोन, तीन, कधी जास्तही."

"आहेत ना बाबा ते?" देवश्री म्हणाली. "पुण्यानं परत पाठवले असतील."

"आहेत," गुरुजी म्हणाले. "घरी आहेत. आणतो."

आणखी एक खोटं हे. आधीच्या सगळ्यांहून वाईट, कारण ह्या वेळी त्यांना त्याची किंमत माहीत होती.

निघताना डॉक्टरांनी देवश्रीलाही सांगितलं, तुझंही रक्त तपासू, काही चुका आईकडून लेकीकडे येतात. देवश्री हो म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

त्यानंतरचे तीन दिवस प्रवरासंगमच्या लोकांनी जे बघितलं ते कुणी विसरणार नाही. धरणाचं पाणी मागं हटलं होतं, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि खाली चिखल. त्या चिखलात सुमंत गुरुजी धोतर खोचून, कोपरापर्यंत हात घालून काहीतरी शोधत होते. हाताला काय काय लागलं! नाणी, तांब्याच्या वाट्या, बांगड्यांचे तुकडे, हाडं. तीस वर्षांत ज्यांचं ज्यांचं मागं काही ठेवलं नाही त्या सगळ्यांचं थोडं थोडं. नावाडी बन्सी काठावरून म्हणाला, "गुरुजी, काय हरवलं? मी उतरू का?" गुरुजींनी मान हलवली. "अंगठी का काय?" "नाही रे. तू जा." दोन वर्षांचे दोन पूर येऊन गेले, तिथं नखाएवढा तुकडा कुठला सापडायला? तरी तीन दिवस ते शोधत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते चिखलातच बसले आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. बन्सीनं हात धरून त्यांना वर आणलं.

त्या संध्याकाळी देवश्रीचा फोन आला. उद्या सकाळी मी येते, डबी घेऊन मीच पुण्याला जाते.

आता सुटका नव्हती.

दमयंती पुढच्या खोलीत खाटेवर होती. पाठीला उश्या, मांडीवर चौथीच्या वह्या, हातात लाल पेन. सुट्टी मंजूर झाली होती तरी वह्या तिनं घरी मागवल्या होत्या. गुरुजी हातपाय न धुताच आत आले आणि खाटेच्या पायाशी जमिनीवर बसले. चिखल वाळून पायांना चिकटला होता.

"सापडलं?" तिनं विचारलं.

त्यांनी वर बघितलं.

"झुंबरबाई सांगत होत्या. तीन दिवस नदीत काय शोधताय?"

मग त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं. डिकी, अमावस्या, तरंगणारे ठोकळे, दगड. पुण्याचा कधीही न आलेला फोन. सांगताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, खाटेच्या पायाकडे बघितलं. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते, एकामागून एक.

"माझं होतं ते," शेवटी ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या अंगाचं होतं. मला विचारायचं होतंत. मी नाही म्हटलं असतं. मी स्वतः गेले असते पुण्याला, एसटीनं गेले असते. तुम्हाला भीती वाटत होती तर मला सांगायचं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"चुकलं, दमू."

"चुकलं म्हणजे काय हो? मुलाची बेरीज चुकते. हे चुकणं नव्हे." पेन तिच्या हातून वहीवर पडलं, पानावर लाल रेघ उमटली. तिनं ती बोटानं पुसून बघितली. मग एकदम तिनं विचारलं, "नाव घेतलं होतंत?"

गुरुजी पायावरचा वाळलेला चिखल नखानं खरवडायला लागले.

"पाण्यात सोडताना. घेतलं असणारच. तुमचं तोंड थांबत नाही."

"घेतलं."

"गोत्रासकट?"

"हो."

"आणि पुढचं?"

गुरुजींनी तोंडावर हात धरला. एकतीस वर्षांचा संसार, तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती हसली. खरंच हसली, तिच्या नेहमीच्या पोट धरून हसण्यासारखी सुरुवात झाली, पण पाठीत कळ आली आणि हसू तिथंच तुटलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिनं पुसलं नाही.

"म्हणजे उरकलंच की हो तुम्ही माझं. आणि मी वेडी दोन वर्षं वह्या तपासतेय."

"असं बोलू नकोस."

"ऐका. देवश्रीला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, उद्या, माझ्यासमोर. तिचं रक्त तपासायचं, टाळायचं नाही. आणि तिचं कधी काही निघालं, डबी मिळाली, तर ती तिच्या हातात द्यायची. तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं."

तिनं वही मिटली, गठ्ठ्यावर ठेवली, आणि हळूहळू, एकेक हात टेकत, भिंतीकडे तोंड करून पडली. गुरुजी उठले, उशी नीट करायला हात पुढं केला, मग मागं घेतला. ती भिंतीकडे बघूनच बोलली.

"आणि आता खरंच माझं करायची वेळ येईल ना, तेव्हा पैठणहून कुणाला तरी बोलवा. तुमच्या हातून एकदा करून झालंय."

"बरं," गुरुजी म्हणाले.